जांभळी पिशवी

भिंगरीची पिशवी जांभळी झाली त्या सकाळी मी माझ्या मुलाला आणि जावयाला कामावरून काढून टाकलं, आणि जेवणाच्या आत दोघांनाही परत घेतलं. परत घेताना माफी मागितली नाही. मागायची मला सवय नाही, आणि मागितली असती तर ते दोघं घाबरून मला दवाखान्यात घेऊन गेले असते.

पण पिशवी कसली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाजारहाटाची.

भिंगरी माझी नात, थोरल्याची मुलगी. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही, म्हणून हे नाव. ऐन विशीत तिच्या पाठीतली गादी सरकली आणि कण्यातल्या नसा दाबल्या गेल्या. तातडीने ऑपरेशन झालं. पाय परत आले, असे आले की पोरगी पुन्हा जिन्याच्या पायऱ्या गाळत वर जायला लागली. मूत्राशय मात्र झोपलं ते झोपलंच. डॉक्टर म्हणाले, जागं होईल किंवा होणार नाही, वाट बघू. तोवर आत एक बारीक नळी, तिला कॅथेटर म्हणतात, आणि नळीचं दुसरं टोक प्लॅस्टिकच्या पिशवीत. दिवसा छोटी पिशवी मांडीला पट्ट्याने बांधलेली. रात्री तिलाच खाली जोडायची एक मोठी, पलंगाच्या कडेला अडकवलेली.

पहिले काही आठवडे घरात सगळे कुजबुजत बोलायचे. मीसुद्धा. मग एक दिवस जेवताना भिंगरी उठली आणि म्हणाली, "आलेच, मॅनेजर भरलाय."

आमच्याकडे पूर्वी खरंच एक मॅनेजर होता. दिवसभर पायात घोटाळायचा, काम काडीचं नाही, आणि बसल्या बसल्या फुगत जायचा. थोरल्याला ठसका लागला, मला हसू आवरेना, आणि त्या दिवसापासून पिशवीचं नाव मॅनेजर पडलं. पुढे तर तिने फायदेच मोजून दाखवले. लांबच्या प्रवासात आम्ही गाडी थांबवा, गाडी थांबवा करतो आणि ही खिडकीशी मजेत. सिनेमात मध्येच उठून गोष्ट चुकत नाही. "आजी, तू दर तासाला उठतेस," मला म्हणते कशी, "तुला पण एक बसवून घेऊ या का?" मी म्हटलं, "मला जिभेवर बसव, घरच्यांचे आशीर्वाद मिळतील."

आता आमचा धंदा. आम्ही रंगारी. लोकर, सूत, कापडाचे तागे, नाटकगृहांचे पडदे, जे येईल ते रंगवतो. घर पुढे, हौद मागे, मध्ये अंगण आणि अंगणभर दोऱ्या, त्यांवर लोकरीच्या लड्या निथळत असतात. मी चौथीत शाळा सोडली आणि हौदावर उभी राहिले. अक्षर माझं अजून कोंबडीचे पाय, पण रंग मला चाळीस पावलांवरून कळतो. नुसता कळत नाही, कुठल्या हौदातला, कितव्या बुडीतला आणि कुणाच्या आळशी हाताचा, तेही कळतं.

अशा घरात ती पारदर्शक पिशवी आली. काय होणार? नाश्त्याला भिंगरी येऊन बसली की जावईबापू तिरक्या नजरेने बघायचे आणि म्हणायचे, "आज कालच्यापेक्षा एक पाणी गडद." पाणी म्हणजे आमच्या बोलीत छटा. थोरला म्हणायचा, "छे, मोहरीवर गेलाय." मी म्हणायचे, "मोहरी नव्हे, वाळलं गवत. पाणी पी गं." वाईट हेतू कुणाचाच नव्हता. रंगाऱ्याला रंग दिसला की तोंड उघडतं, न्हाव्याला डोकं दिसावं तसं.

एके दिवशी भिंगरीने चमचा खाली ठेवला. "माझी पिशवी म्हणजे नमुन्याची पट्टी नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. त्याच दुपारी तिने मांडीवरच्या पिशवीला कापडाचा अभ्रा शिवला आणि मुद्दाम असा राखाडी रंगवला, असा मेलेला राखाडी, की आमच्या घरातलं कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघू नये. अभ्र्याला खाली भोक, त्यातून तोटी बाहेर. पिशवी रिकामी करायलासुद्धा अभ्रा काढावा लागत नसे. आम्ही गप्प बसलो. तिच्या हक्काची गोष्ट होती.

खरा तंटा पुढे झाला. दूरच्या मोठ्या शहरातल्या नाटकगृहाला स्वतःचं रंगखातं आहे. तिथल्या मुख्य बाईंनी भिंगरीचं काम पाहिलं होतं, तिला बोलावणं आलं. पगार, राहायला खोली, आणि रोज नवा पोशाख, नवा रंग. भिंगरीचे डोळे ऑपरेशननंतर पहिल्यांदा असे चमकले. मला भीती वाटली, पण मी ती तोंडावर येऊ दिली नाही. तोंडावर राग आणला. तो मला जास्त शोभतो.

"एकटी राहणार? नळी तुंबली तर? ताप आला तर?"

"तर डॉक्टरकडे जाईन, आजी. तिथे डॉक्टर असतात. शहर आहे, चंद्र नाही."

"मला शहाणपण शिकवू नकोस."

"मग काय शिकवू? मोठी झालीस तू आता."

सून, भिंगरीची आई, तोंडावर पदर धरून हसली. मी तिच्याकडे बघितलं तशी ती भांडी घासायला गेली, भांडी घासून झाली होती तरी.

शेवटी मी अट घातली. त्याच नाटकगृहाच्या पडद्यासाठी जांभळ्या लोकरीची मोठी ऑर्डर आमच्या हौदावर होती. म्हटलं, "ही ऑर्डर पुरी होईतो धडधाकट राहून दाखव. राहिलीस तर मी स्वतः तुझी बॅग उचलून गाडीपर्यंत येईन. आजारी पडलीस तर विषय संपला, पुन्हा काढायचा नाही."

"ठरलं," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने बॅग भरायला काढली. आणि दुसऱ्या दिवसापासून अशी राबायला लागली की मला माझीच अट दाताखाली खड्यासारखी लागायला लागली. आमचा जांभळा दोन हातांनी होतो: आधी निळीच्या हौदात बुडी, वारा लागू द्यायचा, मग वरून लाल. निळा आधी, लाल वरून. उलटं केलं की वांग्याची साल होते. भिंगरी दोन्ही हौदांवर स्वतः उभी. पाणी प्यायलाही वेळ नाही, जेवण उभ्याउभ्या.

ऑर्डर संपत आली होती. सकाळी मी अंगणात आले तर दोरीच्या टोकाला, निथळणाऱ्या जांभळ्या लड्यांच्या शेजारी, भिंगरीची रात्रीची मोठी पिशवी वाळत घातलेली. एरवी ती न्हाणीघरातल्या खुंटीला असते. पण खुंटी निखळली होती आणि थोरला 'उद्या बसवतो' म्हणाला होता. थोरल्याचा उद्या कसा असतो ते त्याच्या बायकोला विचारा.

पिशवी जांभळी झाली होती. नळीपासून खालपर्यंत, झक्क जांभळी.

मला काही विचारायची गरजच नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? रंग माझा, शेजारी लड्या माझ्या, आणि लड्या पिळणारे दोघं तिथेच उभे.

"कुणी शिंतोडे उडवले?" मी विचारलं.

थोरल्याने जावयाकडे पाहिलं, जावयाने थोरल्याकडे.

"आई, मी तर लाल हौदावर होतो," थोरला म्हणाला.

"मी निळीवर," जावईबापू म्हणाले.

"म्हणजे दोघांनी मिळून जांभळा केलात. पोरीच्या अंगाला लागणारी वस्तू, आणि तिच्यावर तुम्ही हात झटकता? जा घरी. दोघंही."

"आई, मी घरीच आहे," थोरला म्हणाला.

"मग बाहेर जा. जावईबापू, तुम्हाला जावई म्हणून पहिलं ताट माझ्या हातचं. पण हौदावर तुम्ही कारागीर, आणि आजपासून तेही नाही."

जावईबापूंनी हात पुसले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यांना दर पंधरवड्याला काढलं जातं, त्यांना जागा ठरलेली आहे.

मी बाह्या सरसावल्या. रंग उतरवायची पांढरी पूड असते आमच्याकडे, फसलेला रंग तिने धुऊन निघतो. ती कोमट पाण्यात कालवली, बोळा घेतला आणि पिशवी घासायला बसले. घासली, पुन्हा घासली. रंग जागचा हलेना. बोळा पांढराशुभ्र.

मला, खरं सांगते, अभिमान वाटला. "बघा," मी म्हटलं, "याला म्हणतात पक्का रंग. प्लॅस्टिकवरसुद्धा बसला."

थोरला दारातून, म्हणजे बाहेर जायला सांगितलं होतं तिथून, म्हणाला, "आई, या पुडीपुढे आपली नीळ टिकत नाही."

"तुझी टिकत नाही. माझी टिकते."

तेवढ्यात भिंगरी लड्यांमधून वाट काढत आली. तिने माझ्या हातातला बोळा पाहिला, पिशवी पाहिली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"आजी, काय करतेस? ती माझी पिशवी आहे. पातेलं नाही."

"तुझ्या बापाने आणि आत्याच्या नवऱ्याने शिंतोडे उडवलेत. मी रंग उतरवतेय."

तिने पिशवी माझ्याकडून घेतली. उन्हात धरली. अंगठा बाहेरून फिरवला. मग नळीचं टोक डोळ्याजवळ नेलं. मी ओळखते ती नजर, ती माझीच आहे, फक्त तिच्यात मोतीबिंदू नाही.

ती गप्प झाली. आणि त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला नंतर कळलं. मी, घरातली सगळ्यात मोठी रंगारीण, सगळ्यांसमोर निवाडा देऊन बसले होते की हा शिंतोडा आहे. तिने नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. पिशवी कचऱ्यात गेली असती, ऑर्डर पुरी झाली असती, आणि ती तिच्या शहरात. माझ्या निवाड्याला या घरात कोण उलटं बोलणार?

"शिंतोडा नाहीये, आजी," ती म्हणाली. "शिंतोडा ओघळतो, खाली जाऊन साचतो. हा वर नळीपाशी गडद आहे, खाली फिका. आणि बाहेरून हाताला काहीच लागत नाही." तिने श्वास घेतला. "रंग आतून चढलाय."

मग ती खाली वाकली, पायजम्याचा पाय मांडीपर्यंत वर सरकवला आणि मांडीवरच्या राखाडी अभ्र्याची गाठ सोडली. छोटी पिशवीही जांभळट होऊ लागली होती. आतलं पाणी मात्र नेहमीचंच पिवळं.

"सकाळी मी काढून धुतली तेव्हाच जांभळी होती की ती," दारातून सून म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"मग बोलली का नाहीस?" थोरला म्हणाला.

"काय बोलणार? या घरात दुधाचं पातेलं निळं आहे, साबण हिरवा होतो, तुमचे कान गेल्या आठवड्यात लाल होते. मला वाटलं, असेल."

मी हौदाच्या कडेवर बसले. जांभळा रंग मी जन्मभर केला, पण माणसाच्या आतून आलेला कधी पाहिला नव्हता. भिंगरी मात्र फोन काढून नर्सबाईंशी बोलत होती, जशी माल का आला नाही म्हणून दुकानदाराशी बोलते तशी. ताप नाही. कळ नाही. हो, नळी वाहतेय. हो, थांबते.

नर्सबाई म्हणजे भिंगरीची नळी बदलायला येतात त्या. अंगाने आडव्या, बोलायला त्याहून आडव्या, म्हणून माझं त्यांच्याशी जमतं. आल्या, पिशवी पाहिली, आणि हसल्या. माझ्या नातीच्या आजारपणावर हसणारी बाई मी घरात ठेवत नाही, पण या वेळी मला हायसं वाटलं.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. घाबरू नका, आजी. जांभळी पिशवी होते कधी कधी. लघवीत जंतू वाढतात, ते असा रंग तयार करतात आणि तो प्लॅस्टिकवर चढतो. दिसायला भयंकर, असतं बहुतेक साधं. नळी बदलू, दोन्ही पिशव्या बदलू, लघवी तपासायला पाठवू. डॉक्टरांशी बोलते, औषध लागलं तर देतील." मग भिंगरीकडे वळून, "पाणी किती पितेस?"

भिंगरी आभाळाकडे बघायला लागली.

"आणि पोट साफ होतं का?"

"नर्सबाई, माझे वडील उभे आहेत इथे."

"वडिलांचंही विचारते नंतर. होतं का?"

"...नाही. चार-पाच दिवस."

"तेच. पोट तुंबलं की याला आणखी जोर चढतो."

मी इतकी खूश झाले की उठून उभी राहिले. चाळीस वर्षं या घराला ओरडून सांगतेय, पोट आणि पाणी, पोट आणि पाणी, आणि पालथ्या घड्यावर पाणी. आज एक शिकलेली बाई तेच म्हणाली. "ऐकलंत?" मी सगळ्यांना म्हटलं. जावईबापूंनी ओट्यावरून मान डोलावली.

"पण रंग कसला असतो हो तो?" मी विचारलं.

"दोन असतात. एक निळा, एक लाल, मिळून जांभळा. आणि आजी, तुम्हाला म्हणून सांगते, तो निळा म्हणजे नीळच. तुमच्या हौदात असते तीच."

मी पुन्हा खाली बसले.

"नीळ? माझ्या नातीच्या पिशवीत?"

"तीच. जंतूंनी केलेली."

"आणि वरून लाल?"

"आणि लाल."

भिंगरी माझ्याकडे बघत होती. आधी तिच्या ओठांची कड हलली, मग माझ्या. मग आम्ही दोघी अशा हसलो की नर्सबाईंना हातमोजे काढून आम्हाला पाणी द्यावं लागलं. भिंगरी दोन पेले प्यायली.

नळी बदलून झाली. नर्सबाई जुनी पिशवी कचऱ्याच्या पुडक्यात बांधायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "एक तुकडा कापून देता का? नमुन्याला?"

"आजी. नाही."

"बरं. देवाने नजर कशाला दिलीय? डोळ्यांत ठेवते."

निघताना मी त्यांना दारात गाठलं. "याला आजारी पडणं म्हणायचं का?" हळूच विचारलं.

"मी नळी बदलायला आलेय," त्या चप्पल घालत म्हणाल्या. "घरातले निवाडे तुमचे तुम्ही करा. ती वेळेवर बोलली, एवढं मी सांगते. लपवणारेच जास्त भेटतात मला."

मी वर गेले. भिंगरीच्या खोलीचं दार उघडं होतं. बॅग पलंगावर, आणि ती एकेक कपडा काढून कपाटात ठेवत होती. रडत नव्हती. नुसती घड्या घालत होती, कोपऱ्याला कोपरा लावून.

"कुणी सांगितलं बाहेर काढायला?"

"तूच. आजारी पडले तर विषय संपला. ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," मी म्हटलं, आणि पलंगावर बसले, कारण पुढचं बोलायला मला बसावं लागतं. "तुला खाली कळलं होतं ना, गप्प बसलीस तर निभावेल?"

"कळलं होतं."

"मग?"

"मग काय, आजी? रंग आतून आहे आणि मी शिंतोडा म्हणू? उद्या तिथे कुणाच्या पडद्याबद्दल खोटं सांगीन." मग जरा थांबून, "आणि भीती वाटली मला. थोडी."

मी तिच्या हातातला कपडा घेतला आणि परत बॅगेत ठेवला.

"ताप येईल, नळी तुंबेल, हे इथेही होईल," मी म्हटलं. "मला धाक होता तो एकच. तिकडे एकटी असताना काही दिसलं तर काम जाईल म्हणून दाबून ठेवशील. आज मी स्वतः तुला आयती पळवाट दिली, तीही माझ्या तोंडाने, आणि तू गेली नाहीस तिच्यातून. जा आता. बॅग मी उचलणार, शब्द दिलाय."

"आजी, तुझी कंबर."

"कंबर माझी, तू कशाला काळजी करतेस? आणि तो राखाडी अभ्रा इथेच ठेवायचा. रंगाऱ्याची पोर असलं मेलेलं कापड घालून नाटकगृहात गेली तर आमची अब्रू राहील का?"

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना निळीचा वास येत होता. "म्हणजे चुकलीस तू आज?" ती तिथूनच म्हणाली. "शिंतोड्याबद्दल?"

"नीळ म्हटलं होतं, नीळच निघाली. हौद तेवढा दुसरा होता."

खाली जाऊन मी थोरल्याला आणि जावईबापूंना परत कामावर घेतलं. थोरल्याला आधी खुंटी बसवायला लावली.

नवा अभ्रा मी स्वतः रंगवला. पिशवीचा जांभळा डोळ्यांसमोर होता, निळा आधी, लाल वरून, पण आमच्या नेहमीच्या जांभळ्यापेक्षा जरा थंड, जरा खोल, कडेला किंचित गुलाबी. तिसऱ्या बुडीला बरोबर पकडला. जावईबापू बघून म्हणाले, "सासूबाई, पडद्याच्या रंगापेक्षा हा सरस आहे." मी म्हटलं, "सरस असणारच. घरचा आहे."

बॅग मी गाडीपर्यंत नेली. अर्धा रस्ता थोरल्याने दुसऱ्या बाजूने हात लावला होता, पण ते मी पाहिलं नाही.

आता ती रोज सकाळी फोन करते. आम्ही रंग विचारत नाही, तीच सांगते. "आज मॅनेजर दोन पाणी फिका," म्हणते, म्हणजे पाणी पितेय. पोटाचंही सांगते, आणि मग आजूबाजूला कुणी ऐकलं का ते बघते. लघवी एकदा तपासून झाली, एकदा औषध घ्यावं लागलं, तेही आम्हाला तिनेच सांगितलं, घेऊन झाल्यावर नव्हे, घेण्याआधी.

परवा म्हणाली, "आजी, खुर्चीवर चढताना कपडा सरकून अभ्रा दिसला, आणि रंगखात्याच्या बाई त्या जांभळ्यावर खिळूनच राहिल्या. हा कसा केला म्हणून मागे लागल्यात. राणीच्या पोशाखाला तोच हवाय त्यांना. काय सांगू?"

"सांग," मी म्हटलं, "निळा आधी, लाल वरून. नमुना कुठून आणला ते मात्र जेवण झाल्यावर सांग."